भाडेकरूला पावती द्या

घर या विषयावर गोव्यात अलीकडे जेवढे बोलले गेले तेवढे मुंडकारांना, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांना, संरक्षण देणाऱ्या कायद्यानंतर क्वचितच बोलले गेले असेल. सरकारी आणि कोमुनिदादच्या (गावसंस्थेच्या सामाईक) जमिनींवर २८ फेब्रुवारी २०१४ पूर्वी उभी राहिलेली अनधिकृत घरे नियमित करण्यासाठी २०२५ मध्ये कायद्यांत दुरुस्त्या झाल्या, पाठोपाठ ‘म्हजें घर’ योजना आली, आणि तेव्हापासून ग्रामसभा, विधानसभा, वर्तमानपत्रे, सगळीकडे एकच वाद दोन आवाजांत चालू आहे. एक आवाज म्हणतो की मतांसाठी गोव्याची जमीन भायल्यांच्या, म्हणजे बाहेरून आलेल्यांच्या, पदरात टाकली जात आहे. दुसरा म्हणतो की पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या गोमंतकीयाच्या मानेवरची टांगती तलवार एकदाची दूर होत आहे. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात काही तथ्य आहे, आणि तरीही हा वाद चुकीच्या रीतीने घातला जात आहे असे माझे मत आहे. कारण दोन्ही बाजू फक्त ज्याने भिंती उभारल्या त्याच्याविषयी बोलतात. ज्याने एकही भिंत उभारली नाही, कोणाची वीतभर जमीन बळकावली नाही, जो दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत दुसऱ्याच्या हातात रोख भाडे ठेवतो आणि तरीही पुढच्या महिन्यात आपण याच खोलीत असू की नाही हे सांगू शकत नाही, तो या चर्चेत कोठेच नाही.

माझे म्हणणे सुरुवातीलाच स्पष्ट करतो. गोव्यातल्या गरीब भाडेकरूला घराची मालकी देण्याची गरज नाही. त्याला मुदतीची हमी, भाड्याची पावती आणि स्वतःचा पत्ता मिळाला पाहिजे, आणि तो गोमंतकीय आहे की भायला हे पाहून यात फरक करता कामा नये. ही हमी दिल्याने घरमालकाचे नुकसान होत नाही. उलट, आज तो ज्या भीतीपोटी ती नाकारतो, त्या भीतीवरचा खरा उतारा तीच आहे.

आमच्या वाड्यावर, म्हापशापासून जवळच, एका घराच्या मागे ओळीने पाच खोल्या आहेत. वर पत्रे, समोर अरुंद व्हरांडा, टोकाला पाचांत मिळून एक संडास आणि एक नळ. प्रत्येक दारावर वीज मोजणारा सबमीटर आहे. त्याच्या एका युनिटला मालक जो दर लावतो तो वीज खात्याच्या घरगुती दराच्या दुपटीच्या जवळ जातो. दहा बाय दहाच्या खोलीचे भाडे सहा हजार रुपये. तिथल्या एका भाडेकरूच्या पोलीस पडताळणीचा अर्ज भरायला मी गेल्या पावसाळ्यात मदत केली. छायाचित्र, मूळ गाव, तिथले पोलीस ठाणे, आधार क्रमांक, घरातल्या प्रत्येक माणसाचे वय, कामाचे ठिकाण. घरमालकाने सही केली, ठाण्यावर शिक्का बसला. मग त्या भाडेकरूने संकोचत विचारले की याच कागदाच्या आधारावर मुलीच्या शाळेसाठी पत्त्याचा दाखला मिळेल का. मिळत नाही. भाडेकरार हवा, नाहीतर घरमालकाचे ना हरकत पत्र. ज्या मालकाने पाच मिनिटांपूर्वी पोलिसांसाठी ‘हा माझा भाडेकरू आहे’ असे लिहून दिले होते, त्याने तेच वाक्य भाडेकरूसाठी लिहून द्यायला नकार दिला. पोलिसांच्या दप्तरात हा माणूस भाडेकरू आहे आणि पंचायतीच्या व मामलेदाराच्या दप्तरात तो कोणीच नाही. आपल्या राज्याचे भाडेकरूविषयीचे धोरण नेमके काय आहे, हे मला त्या दिवशी जितके स्वच्छ दिसले तितके कोणत्याही सरकारी निवेदनातून दिसले नव्हते.

असे प्रसंग फक्त परप्रांतीयांवर येतात, ही समजूत मुळातच खरी नाही. म्हापशात शिवणकाम करणारा एक कारागीर माझ्या ओळखीचा आहे. तो सत्तरी तालुक्यातला. नऊ वर्षांत त्याने सहा खोल्या बदलल्या, सगळ्या तीन किलोमीटरच्या आत. दर वेळी शिलाई मशीन, गॅस, दोन ट्रंका आणि मुलांची दप्तरे पिकअपमध्ये चढतात. दर वेळी गिऱ्हाइकांना नवे ठिकाण सांगावे लागते आणि त्यांतली काही कायमची तुटतात. चौथी खोली सोडण्याचे कारण एवढेच होते की मालकाला ती ऑक्टोबरपासून ‘सीझनला’ द्यायची होती. त्याच्या गावी वडिलोपार्जित घर आहे, आणि ते मुंडकाराचे घर आहे. आजोबांच्या नावावर झालेली ती तीनशे चौरस मीटर जागा आज पाच भाऊ आणि त्यांच्या मुलाबाळांत वाटली तर एकेकाच्या वाट्याला एक खोलीही येत नाही. कायद्याने आजोबांना भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, धाकातून सोडवले. त्याच कुटुंबातला नातू आज पुन्हा दुसऱ्याच्या मर्जीवर राहतो आहे. त्याला भायला म्हणून या चर्चेतून वगळता येईल का?

मुंडकार हा शब्द इथे ओघाने आला असला तरी सगळा युक्तिवाद त्याच्यापाशीच येऊन थांबतो, म्हणून जरा मागे जायला हवे. भाटकाराच्या संमतीने त्याच्या भाटात खोप घालून राहायचे, माड राखायचे, त्याच्या घरच्या कार्यात राबायचे, आणि त्याची मर्जी फिरली की चूल उचलायची, ही मुंडकाराची स्थिती पोर्तुगीज अमलात होती आणि १९ डिसेंबर १९६१ नंतरही एका दिवसात बदलली नाही. १९६४ मध्ये कूळ कायदा आला, पण तो शेताविषयी होता, घराविषयी नव्हता. शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा झाला, १२ मार्च १९७६ पासून तो लागू झाला, आणि राहत्या घराभोवतीची पाच मीटर जागा किंवा ग्रामीण भागात तीनशे व शहरी भागात दोनशे चौरस मीटर जागा विकत घेण्याचा हक्क मुंडकाराला मिळाला. त्या वेळचे आक्षेप आजच्या आक्षेपांसारखेच होते: जमीनमालकावर अन्याय होतो, गावाची घडी मोडते, उद्या कोणीही येऊन बसेल. समाजाने ते ऐकले, तोलले आणि तरीही ठरवले की ज्या छपराखाली माणूस राहतो ते दुसऱ्याच्या लहरीवर टांगलेले असू नये. गोव्याच्या विधानसभेने केलेल्या सर्वांत न्याय्य कामांपैकी हे एक आहे असे मी मानतो. मामलेदारांच्या कचेऱ्यांत मुंडकारांचे दावे वर्षानुवर्षे रखडले ही त्याची दुखरी बाजू. पण तत्त्व पक्के झाले.

मात्र त्या कायद्यातल्या मुंडकाराच्या व्याख्येत काही अपवाद आहेत, आणि त्यांतला पहिला भाडे देणाऱ्या माणसाचा आहे. घरात राहण्याबद्दल जो भाटकाराला भाडे देतो तो मुंडकार नव्हे. त्या काळात हे समजण्यासारखे होते, कारण भाडेकरूसाठी १९६८ चा इमारत भाडे व निष्कासन नियंत्रण कायदा आधीच होता आणि त्या कायद्यात सांगितलेल्या मार्गाखेरीज भाडेकरूला बाहेर काढता येत नव्हते. पण पुढे काय घडले? लेखी भाडेपट्टा गेला आणि अकरा महिन्यांचा ‘लीव्ह अँड लायसन्स’ आला, कारण एक वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदणी कायद्याखाली नोंदवावा लागतो. गरिबाच्या खोलीत तर तोही कागद उरला नाही. उरला फक्त तोंडी शब्द. अशा रीतीने एक मोठा वर्ग दोन कायद्यांच्या मधल्या फटीत पडला: भाडे देतो म्हणून मुंडकार नाही, आणि पावती नाही म्हणून भाडेकरू नाही.

आता विरुद्ध बाजूचे म्हणणे. ते मी हलके मानत नाही. पहिला आणि सर्वांत खोल आक्षेप जमिनीचा आहे. ३,७०२ चौरस किलोमीटरचे हे राज्य. त्यात घाटाखालची जंगले, खाजन (खाडीकाठची बांध घातलेली सखल शेती), समुद्रकिनारा. २०११ सालापर्यंतच्या प्रादेशिक आराखड्याविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले आणि २००७ मध्ये तो रद्द झाला. आज नगरनियोजन कायद्याच्या १७(२) आणि ३९अ या कलमांखालच्या क्षेत्रबदलांविरुद्ध तीच माणसे पुन्हा लढत आहेत. आपली भूमी आणि आपली भाषा हातची जाईल ही त्यांची भीती काल्पनिक नाही. पण या भीतीचा रोख कोणाकडे असावा? डोंगर कापून व्हिला बांधणारा आणि त्या व्हिलाच्या पायाचे दगड वाहून नेणारा, हे दोघेही बाहेरून आले म्हणून एकाच यादीत घालणे हा अन्याय आहे. एकाने जमीन घेतली, दुसऱ्याने खोली भाड्याने घेतली. पहिल्याकडे नोंदवलेले विक्रीखत आहे आणि त्याला कोणीही उठवू शकत नाही. राग निघतो तो दुसऱ्यावर, कारण त्याला उठवता येते. भाडेकरूला सुरक्षितता दिल्याने गोव्याची एक इंचही जमीन कोणाच्या नावावर जात नाही. जमिनीची चिंता करणाऱ्यांनी खरे तर या मागणीचे स्वागत करायला हवे, कारण ज्याला सन्मानाने भाड्याने राहता येते त्याला कोमुनिदादच्या उतारावर रात्रीत पत्रे ठोकण्याची गरज उरत नाही. अतिक्रमणाचा उगम फक्त मतपेटीत शोधणाऱ्यांनी भाड्याच्या खोलीतही डोकावून पाहावे.

शिवाय आपणही भाड्याने राहणाऱ्यांचे वंशज आहोत. एकोणिसाव्या शतकापासून गोव्याच्या खेड्याखेड्यांतून माणसे मुंबईला गेली: खलाशी, आचारी, आया, शिंपी, वादक. ख्रिस्ती गोमंतकीयांनी धोबी तलाव, माझगाव भागात गावोगावचे कूड, म्हणजे गावकऱ्यांची सामाईक वसतिगृहे, काढले. हिंदू गोमंतकीय गिरगावच्या चाळींत राहिले आणि १९१९ मध्ये तिथे गोवा हिंदू असोसिएशन उभी राहिली. कुडात काय मिळायचे? भिंतीकडेला आपली पेटी ठेवायला जागा, अंथरूण घालण्यापुरती जमीन, आणि गावाकडून येणाऱ्या पत्राला एक पत्ता. दोन बोटींच्या मधल्या काळात खलाशाला हेच हवे असे. त्या शहरात ‘माकापाव’ म्हणून त्यांना हिणवणारे होते, तसे त्यांना पत्ता देणारेही होते. आज बागलकोट, विजयपूर, बिहार किंवा ओडिशातून आलेला माणूस वेर्णे आणि कुंडईच्या कारखान्यांत, वास्कोच्या बंदरात, कळंगुटच्या उपाहारगृहांत काम करतो, तेव्हा तो आपल्या आजोबांपेक्षा वेगळे असे काय मागतो आहे? २०२० च्या मे महिन्यात श्रमिक गाड्या भरभरून गेल्या, त्यानंतरच्या महिन्यांत इथली किती बांधकामे आणि किती स्वयंपाकघरे अडली, हे आपण पाहिले आहे.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. गुन्हे घडतात, गुन्हेगार भाड्याच्या खोलीत लपतात, म्हणून पडताळणी हवी. माहिती न देणाऱ्या घरमालकाला दंड करण्यापर्यंत आपण आलो आहोत. पडताळणीला माझा विरोध नाही. माणूस कोण आहे हे राज्याला ठाऊक असावे हे योग्यच आहे. पण ही माहिती फक्त एका दिशेने का वाहते? ज्या नोंदीच्या आधारे भाडेकरूला संशयित म्हणून शोधता येते, त्याच नोंदीच्या आधारे त्याला रहिवासी म्हणून ओळखता आले पाहिजे. आजची स्थिती अशी की सरकारी नोकरी, गृह आधार, दयानंद सामाजिक सुरक्षा योजना, यांसाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, आणि दर अकरा महिन्यांनी खोली बदलणाऱ्याकडे तो कधीच साठत नाही. सत्तरीचा तो शिंपी जन्माने गोमंतकीय असल्याने गावच्या कागदांवर निभावून नेतो. त्याच्या शेजारच्या खोलीत बावीस वर्षे गोव्यात भांडी घासून जगलेली बाई आहे, तिच्याकडे बावीस वर्षांपैकी एकाही वर्षाचा कागद नाही. मतदारयादीची छाननी होते तेव्हाही ‘स्थलांतरित’ हा शेरा याच माणसांच्या नावापुढे सर्वांत आधी पडतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो, आणि तो घरमालकाचा आहे. भाडेकरूंविषयी बोलणारे बहुतेक जण घरमालक म्हटला की बिल्डर डोळ्यांसमोर आणतात. माझ्या शेजारी एक विधवा बाई राहते. घरामागे एकच खोली, तिच्या भाड्यातून इन्सुलिन येते आणि वीजबिल जाते. तिच्या सासरच्या भाटात राहणारे कुटुंब मुंडकार कायद्याखाली मालक झाले हे तिने पाहिले आहे, आणि तो निर्णय न्याय्य होता हे मी तिला कितीही सांगितले तरी तिचा जीव तिच्या खोलीत अडकलेला आहे. तिला वाटते की एकदा लिहून दिले की खोली गेली. मुंबईचा दाखलाही तिच्या बाजूचा आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली, दशकानुदशके ती तशीच राहिली, मालकांनी दुरुस्त्या सोडल्या, चाळी ढासळल्या, आणि अखेर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला म्हणावे लागले की असे गोठवणे आता समर्थनीय उरलेले नाही. भाडेकरूच्या नावाने घरमालकाला बुडवणारा कायदा शेवटी भाडेकरूलाही बुडवतो, कारण नवीन खोली कोणी भाड्याने देईनासे होते. २०११ च्या जनगणनेत गोव्यात सुमारे सव्वा लाख घरे रिकामी आढळली, एकूण घरांच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक. त्यांतली सगळी श्रीमंतांची सुटीची घरे नाहीत. परदेशी गेलेल्या मुलांची, वाटणी न झालेली, आणि ‘भाडेकरू घातला तर निघणार नाही’ या धास्तीने कुलूप लावलेली घरेही त्यांत आहेत.

पण ही भीती नीट तपासली तर ती उलट्या दिशेला बोट दाखवते. भाडे देणारा मुंडकार नव्हे, असे कायदाच म्हणतो. मग ज्याच्याकडून भाडे घेतल्याची पावती आहे, तो मुंडकार असल्याचा दावा टिकणार कसा? खरा धोका पावती न देणाऱ्या मालकाला आहे, कारण पंधरा-वीस वर्षांनी त्याच्याकडेही हे सिद्ध करायला काही नसते की समोरचा माणूस भाडे देत होता, नुसता संमतीने राहत नव्हता. पावती लपवून मालक स्वतःला वाचवत आहे असे त्याला वाटते. प्रत्यक्षात तो आपला एकमेव पुरावा स्वतःच्या हाताने नाहीसा करत असतो. यावर कोणी म्हणेल की पावती दिली की १९६८ चा कायदा लागतो आणि मग खोली रिकामी करून घ्यायला रेंट कंट्रोलरच्या दारात वर्षे जातात. हे खरे आहे. म्हणूनच नुसते ‘पावती द्या’ म्हणून भागणार नाही. छोट्या घरमालकाला ठरलेल्या तारखेला खोली परत मिळेल याची तितकीच ठाम हमी कायद्यात लिहावी लागेल.

केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये संमत केलेला आदर्श भाडेकरू कायदा राज्यांपुढे आहे. लेखी करार, निवासी जागेसाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांची अनामत, पाणी-वीज तोडण्यास मनाई, आणि खोलीत येण्यापूर्वी मालकाने चोवीस तास आधी कळवणे, या त्यातल्या तरतुदी मला पटतात. पण तो प्रामुख्याने सदनिकेत राहणाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला आहे. पत्र्याखालच्या खोलीतला माणूस करारासाठी वकिलाकडे जाणार नाही. त्याच्यासाठी पडताळणीचा जो अर्ज आज भरावाच लागतो, त्यालाच एका पानाचा करार जोडावा, मराठी, कोंकणी, हिंदी आणि कन्नड भाषेत छापावा, आणि पंचायतीच्या किंवा पालिकेच्या शिक्क्याची एक प्रत भाडेकरूच्या हातात द्यावी. मुदत किमान एका शैक्षणिक वर्षाची असावी, म्हणजे जूनमध्ये शाळेत घातलेले मूल ऑक्टोबरच्या सीझनसाठी वर्गातून उठवले जाणार नाही. मुदत संपली की साठ दिवसांच्या आत ताबा देण्याचा आदेश निघाला पाहिजे, आणि त्यात सुनावण्यांची साखळी नको. दरवर्षी ठरावीक टक्क्याने भाडे वाढावे, जेणेकरून त्या विधवा बाईचे इन्सुलिन महाग झाले तरी तिची खोली तिला परवडेल. जो ही नोंद करेल त्याला घरपट्टीत सवलत द्यावी. आणि गृहनिर्माण मंडळाने भूखंड व सदनिका विकण्यापलीकडे जाऊन औद्योगिक वसाहतींजवळ भाड्याच्या खोल्या बांधाव्यात. कामगार लागतात म्हणून कारखाने आणायचे आणि ते झोपणार कोठे हा प्रश्न शेजारच्या गावावर ढकलायचा, हे अनेक वर्षे चालत आले आहे.

यात काही क्रांतिकारक नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितले की अनधिकृत बांधकाम पाडतानाही सरकारने किमान पंधरा दिवसांची नोटीस दिली पाहिजे. म्हणजे ज्याचे घरच बेकायदा ठरले आहे त्यालाही पंधरा दिवस मिळतात. त्या शिंप्याला पाचवी खोली सोडताना चार दिवस मिळाले होते, आणि तो दर महिन्याचे भाडे वेळेवर देत होता.

या जूनमध्ये शेजारच्या बाईशी मी पुन्हा बोललो. मुंडकाराच्या व्याख्येतला तो अपवाद मी तिला वाचून दाखवला, दोनदा. मग तिने मला म्हापशाहून छापील पावतीपुस्तक आणायला सांगितले आणि बजावले की ‘भाडे’ हा शब्द मोठ्या अक्षरात लिही. पहिली पावती तिने सही करून मागच्या खोलीतल्या भाडेकरूला दिली, स्थळप्रत आपल्या ट्रंकेत ठेवली. भाडेकरू ती पावती घेऊन दुसऱ्या दिवशी पंचायतीत गेला. तिथे त्याला सांगण्यात आले की अशा पावतीवर रहिवासी दाखला देण्याची तरतूद नाही.